कालिदासची तारीख

रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात. ‘कालिदास मुलुंड’, ‘गडकरी ठाणे’, ‘दीनानाथ पार्ले’, ‘ठाकरे बोरिवली’. नाट्यगृह आणि स्टेशन एका दमात. मराठी व्यावसायिक रंगभूमीचा ब्रॉडवे कुठे, असं कुणी विचारलं तर हे पान पुढे करावं. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरच्या आसपास 41 नाट्यगृहं दाटीवाटीनं उभी आहेत. तिथल्या मॅजेस्टिक थिएटरात ‘फँटम ऑफ द ऑपेरा’नं 1988 ते 2023 असा पस्तीस वर्षं मुक्काम ठोकला आणि जगभरचा प्रेक्षक तिथं जात राहिला. आपलं नाटक टेम्पोत चढतं आणि प्रेक्षकाच्या स्टेशनाला उतरतं.

प्रेक्षकही एका जागी कुठे राहिला? गिरगाव-दादरच्या चाळीत वाढलेली पिढी घर परवडेल तिकडे, रुळांच्या कडेकडेनं उत्तरेला सरकत गेली. दादरला 1965 मध्ये शिवाजी मंदिर झालं, ठाण्यात 1978 मध्ये गडकरी रंगायतन. या दोहोंच्या वाटेवर, मुंबईच्या वेशीवरचं ठाणं म्हणजे मुलुंड पश्चिमेचं महाकवी कालिदास नाट्यमंदिर. इमारत पालिकेची, शेजारीच क्रीडासंकुल आणि तरणतलाव. त्यामुळे ओल्या केसांची पोरं आणि गजरे माळलेल्या काकू एकाच फाटकाशी भेटतात. मुलुंडमध्ये गुजराती-कच्छी वस्ती मोठी, तेव्हा याच रंगमंचावर गुजराती नाटकंही जोरात चालतात. शनिवार-रविवारची तारीख मिळवणं म्हणूनच निर्मात्यासाठी निम्मी लढाई.

जून 2018 मध्ये 98वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन इथं भरलं, कीर्ती शिलेदार अध्यक्ष होत्या. सलग साठ तास कार्यक्रम चालवण्याचा घाट घातला होता. उपनगरानं नाटकासाठी रात्र जागवावी, ही गोष्ट मला संमेलनातल्या भाषणांपेक्षा मोठी वाटते.

या फिरत्या संसाराची किंमत मात्र नाटकाच्या अंगावर दिसते. दुपारी नेपथ्य उभं करायचं, रात्री पडदा पडला की खिळे उपसून टेम्पोत भरायचं, कारण उद्या सकाळी त्याच रंगमंचावर दुसऱ्याच कुणाचा तरी कार्यक्रम असतो. ‘फँटम’मधलं ते प्रेक्षकांवर झेपावणारं झुंबर या हिशेबात बसत नाही. आपल्याकडे एक सोफा, दोन दारं, चार पात्रं असलेले दिवाणखाने इतके का, याची कारणं समीक्षक मध्यमवर्गीय मानसिकतेत शोधतात. थोडी टेम्पोच्या लांबी-रुंदीतही शोधावीत. बॅकस्टेजची मुलं अख्खं घर तासाभरात घडी घालून बाहेर आणतात, तेव्हा प्रेक्षक रिक्षाच्या रांगेत उभं राहून शेवटच्या प्रवेशावर वाद घालत असतात. मध्यंतरातल्या वड्यावरही.