वैरणीचे आकारमान आणि टंचाईची तयारी

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी व आसपासची गावे अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. येथील दावणीचा मुख्य आधार म्हणजे रब्बी ज्वारीचा कडबा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी धान्याबरोबर कडब्यासाठीही नावाजली गेली. परंतु १९७२ अथवा २०१२-१३ सारख्या वर्षी शेतातच कडबा उरत नाही आणि वैरण दुरून आणावी लागते.

अशा वेळी खरी अडचण वजनाची नसून आकारमानाची असते. सुट्या कुट्टीचे वजन घनमीटरला साधारणपणे ५० किलो भरते. म्हणजे ३० घनमीटरच्या मालमोटारीत जेमतेम दीड टन वैरण मावते; भाडे मात्र पूर्ण खेपेचे पडते. तीच कुट्टी दाबून घनमीटरला ४०० किलोच्या विटा केल्यास तिला एक-अष्टमांश जागा पुरते.

दाब देताना प्रथम कणांमधील हवा निघून जाते व आकारमान झपाट्याने घटते. पुढे कण वाकतात, चेपले जातात व एकमेकांत गुंततात. या टप्प्यात थोड्या घटीसाठीही पुष्कळ अधिक दाब लागतो. दाब काढताच ताठ धांडे उसळी घेतात. म्हणून तो काही क्षण तसाच राखावा लागतो. ओलावा शेकडा १० ते १५ असल्यास वीट चांगली बांधली जाते. फार कोरडी कुट्टी विस्कटते, तर ओली कुट्टी साठवणीत बुरशी धरते आणि बुरशीचे विष दुधातही उतरू शकते. साखर कारखान्यातील मळी अल्प प्रमाणात मिसळल्यास ती बंधकाचे काम करते व ऊर्जाही पुरविते.

बारीक दळलेली वैरण अधिक घट्ट बसते हे खरे. परंतु तिच्यामुळे जनावरांचे रवंथ कमी होते आणि दुधातील स्निग्धांश घटतो. म्हणून विटांसाठी पीठ न करता दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टीच योग्य ठरते.

यंत्र व वीज यांचा खर्च लक्षात घेता गावातल्या गावात वापरावयाच्या कडब्यासाठी नीट रचलेली गंजीच परवडते. लांबची वाहतूक व दीर्घ साठवण यांसाठी मात्र दाबलेली वैरण उपयुक्त होय. सुगीच्या वर्षीच ग्रामपंचायती व दूध संस्थांनी असा साठा केल्यास टंचाईत पशुधन कवडीमोलाने विकण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येणार नाही.