सज्जा कॅरियरवर मावत नाही

रोमिओ-ज्युलिएट करायचं तर सज्जा लागतो. ती वर, तो खाली, मध्ये रात्र. आता हा सज्जा सायकलवर बांधून साठ किलोमीटर न्यायचा आहे, वाटेत दोन मोठे चढ आहेत आणि संध्याकाळी सातला प्रयोग आहे. अशा वेळी माणूस आधी सज्जा लहान करतो. मग घडीचा करतो. मग त्याच्या लक्षात येतं, की ज्युलिएट एखाद्या खुर्चीवर उभी राहिली आणि रोमिओनं मान वर केली, की सज्जा झाला. आणि खुर्ची काय, ज्याच्या अंगणात प्रयोग आहे त्याच्याकडे असतेच.

ब्रिटनमधली 'हॅण्डलबार्ड्स' ही नाटक मंडळी 2013 पासून हाच उद्योग करत आली आहे. नावातच कोटी आहे. हॅण्डलबार म्हणजे सायकलचं हॅण्डल. बार्ड म्हणजे कवी, आणि इंग्रजीत नुसतं 'द बार्ड' म्हटलं की तो शेक्सपिअर. पॉल मॉस आणि टॉम डिक्सन या दोघांनी सुरू केलेली ही मंडळी. चार नट, चार सायकली, मागे जोडलेल्या ट्रॉल्या, आणि त्यात अख्खं नाटक: नेपथ्य, कपडे, तलवारी, मुकुट, सगळं. एका उन्हाळ्यात पंधराशे मैलांच्या वर, म्हणजे सुमारे चोवीसशे किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला जाऊन परतीच्या वाटेवर इंदूर ओलांडावं, एवढं. पुढे चौघींचंही पथक निघालं. शेक्सपिअरच्या काळी बायकांची कामं पोरगे करायचे, आपल्याकडे बालगंधर्वांनी केली. इथे चौघीजणी राजे, सरदार, मवाली आणि प्रियकर सगळे आपसांत वाटून घेतात. भारतातही त्यांचे प्रयोग झाले आहेत.

अशा दौऱ्याची तयारी तालमीच्या खोलीत सुरू होत नाही. ती वजनकाट्यापाशी सुरू होते, आणि मला त्यातच जास्त रस आहे.

नाटकाच्या सामानात सर्वांत जड काय असतं? दिवे, त्यांच्या वायरी, स्टँड, डिमर. मग ध्वनियंत्रणा. मग पडदे आणि पातळ्या. मग खुर्च्या. सायकलवाल्यांनी यातलं जवळजवळ सगळं सोडून दिलं, आणि ते सोडता आलं याला त्यांच्या कल्पकतेइतकंच भूगोलाचंही श्रेय आहे. जूनच्या मध्यावर एडिंबरात सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला, लंडनमध्ये सव्वानऊनंतर. सातला नांदी, साडेनऊला टाळ्या, आणि दिव्याचा खर्च शून्य. हॅम्लेटच्या बापाचं भूत लख्ख उजेडात येतं, एवढी एक अडचण. प्रेक्षकांनी ते भूत मानून घ्यायचं, आणि ते घेतात.

आपल्याकडे ही सोय नाही. जूनमध्ये पुण्यात सव्वासातला अंधारतं आणि आभाळ कधीही फुटतं. सायकलीला योग्य म्हणावेत ते डिसेंबर-जानेवारी, तर तेव्हा सहालाच दिवेलागण. म्हणजे आपल्या मंडळीला दिवे न्यावे लागणार, दिव्यांमागून बॅटऱ्या येणार, आणि बॅटऱ्या आल्या की टेम्पो ठरवावा लागणार. कोकणातल्या दशावतारानं मात्र हे कोडं सायकल येण्याच्या कितीतरी आधी सोडवलं होतं. डोक्यावर पेटारा घेऊन पायी गावोगाव जाणारी माणसं. आपापली रंगरंगोटी आपणच करायची, बोलायचं ते आयत्या वेळी सुचेल तसं. संहितासुद्धा ओझ्यात नाही. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच इंद्राचं सिंहासन, तोच डोंगर. आणि ते बाकडं गावातलंच.

हॅण्डलबार्ड्सचे प्रेक्षकही आपली बसायची सोय आपणच करतात. घडीच्या खुर्च्या, घोंगड्या, खाण्याची टोपली आणि छत्री घेऊन लोक बागेत, गढीच्या हिरवळीवर, गावाच्या मैदानात येऊन बसतात. ध्वनिक्षेपक नसल्यामुळे जवळ बसावं लागतं. जवळ बसलेल्याला हाताला धरून नाटकात ओढणं सोपं असतं, म्हणून या मंडळीच्या प्रयोगात पहिल्या रांगेतला माणूस सुरक्षित नसतो. चार नटांना पाचवा लागला, की तो तिथूनच येतो. मॅक्बेथमध्ये पात्रं वीसच्या वर आहेत. चौघांनी ती कशी करायची? टोपी बदलून. एका टोपीत राजा, दुसरीत द्वारपाल, आणि मधल्या क्षणाला सायकलची घंटी: ट्रिंग. घंटी वाजली की माणूस बदलला, हा करार पहिल्या पाच मिनिटांत होतो. मग गंमत सुरू होते ती करार मोडण्याची वेळ येते तेव्हा. 'ट्वेल्फ्थ नाइट'च्या शेवटी व्हायोला आणि तिचा जुळा भाऊ सेबॅस्टियन समोरासमोर येतात, आणि बाकीचेही सगळे तिथेच हजर असतात. मंचावर माणसं चार, टोप्या त्याहून जास्त. मोठ्या थिएटरात हा प्रवेश गहिवरून टाकतो. इथे त्याच जागी धांदल होते, आणि धांदलीला हसता हसता कधीतरी गहिवरही येतो. तलवारीऐवजी हवेचा पंप आणि कुठल्याशा मुकुटासाठी सायकलचा सुटा भाग, हेही याच हिशेबातलं. जी वस्तू रस्त्यात लागणारच आहे तिला मंचावर काम दिलं, की तिचं वजन फुकट.

वजन म्हणजे नेमकं किती जाचतं? दरडोई पंचवीस किलो जास्तीचं सामान धरू. त्यासह तीनशे मीटर उंच चढायचं आहे. खंबाटकीपेक्षा जास्त, पण कात्रजचा जुना घाट आणि खंबाटकी एका दमात चढलेल्याला धसका बसू नये इतकं. पंचवीस गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले तीनशे: साडेत्र्याहत्तर हजार जूल. माणसाचं शरीर खाल्लेल्यापैकी पाव भागच पायडलपर्यंत पोचवतं, ते धरूनही हा जास्तीचा खर्च सत्तर-पंचाहत्तर कॅलरींचा. पाऊण पोळी! पण पायांतून सलग शंभर वॅट काढणाऱ्याला तेवढ्याच कामासाठी बारा मिनिटं जास्त लागतात. पोळी कुठेही मिळते. ही बारा मिनिटं दर चढाला कापली जातात, आणि प्रयोगाची वेळ काही पुढे सरकत नाही. म्हणून असल्या दौऱ्याचं वेळापत्रक आखताना दोन गावांमधलं अंतर मोजून भागत नाही, नकाशावरच्या उंचीच्या रेषाही मोजाव्या लागतात. ब्रिटनमध्ये याला एक जुनी मदत आहे: बंद पडलेले रेल्वेमार्ग. ब्रिस्टल ते बाथ हा सायकलमार्ग अशाच रुळांच्या जागेवर 1979 ते 1986 या काळात तयार झाला. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगर कापून वाट सपाट केली. तिचा फायदा आता ट्रॉली ओढणाऱ्याला.

सायकलही साधी चालत नाही. हलकी आणि भरवशाची यांत निवड करायची तर इथे भरवशाची घेतात: पोलादी फ्रेम, चाकाला छत्तीस तारा, रुंद टायर, आणि मागच्या फ्रीव्हीलला भाकरीएवढा मोठा दातेरी चक्कर, जेणेकरून चढाला पाय हलके फिरावेत. शर्यतीच्या सायकली वजनानं अर्ध्या असतात, पण त्यांची रीम पहिल्याच आठवड्यात वाकडी होईल आणि आऊट काढायला दुकान शोधत बसावं लागेल. ओझं जास्तीत जास्त मागच्या चाकावर येतं आणि तारा तुटतात त्या बहुधा तिथेच, त्याही फ्रीव्हीलच्या बाजूच्या, जिथे हात पोचत नाही. त्यामुळे चौघांपैकी निदान एकाला तार बदलता येणं हे संवाद पाठ असण्याइतकंच आवश्यक. ट्रॉलीची तऱ्हा वेगळी. चढावर ती मागे ओढते हे कुणालाही कळतं. उतारावर ती ढकलते हे पहिल्या वळणावर कळतं. म्हणून जड सामान तळाशी, आसाच्या जवळ; हलके कपडे वर. आणि दौऱ्याआधी पूर्ण भरलेल्या सायकलीवर चार-दोन दिवस फिरून यायचं. रिकाम्या सायकलीवर केलेला सराव म्हणजे वेशभूषेविना केलेली रंगीत तालीम.

माणसांचं म्हणाल, तर चौघांचा गट तोडायला वारा पुरतो. समोरून वारा असेल तर एकामागे एक चालायचं. पुढच्याला झळ, मागच्यांना आडोसा. मग पुढे किती वेळ कोण, यावरून कुरबुर. त्यात हाच माणूस संध्याकाळी लेडी मॅक्बेथ आहे आणि दुपारी पंक्चर काढताना त्याचं बोट कापलंय. मोठ्या कंपनीत नट भांडले तर वेगवेगळ्या गाड्यांनी जातात. इथे रस्ता, तंबू, स्टोव्ह आणि ट्यूबचं ठिगळ सगळं एकच. तालमीत दिग्दर्शक ज्याला 'जुळणं' म्हणतात, ते इथे सकाळी नऊलाच पणाला लागतं. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट: पोचून लगेच बोलायला उभं राहिलं तर आवाज फाटतो. तास-दीड तास आधी पोचणं, कोरडे कपडे, खाणं, मग आवाज तापवणं, हा क्रम मोडून चालत नाही. ब्रिटनचा पाऊस मात्र क्रम बघत नाही. तिथली उघड्यावरची नाटकं पावसाला सहसा थांबत नाहीत. छत्र्या उघडतात, आणि मागच्यांना पुढचं दिसेनासं होतं.

असे वेडे आणखीही आहेत. कॅनडात लॅरिसा कोनिउक या गायिकेनं 2012 मध्ये 'बायसिकल ऑपेरा प्रोजेक्ट' सुरू केला. ऑपेरा म्हणजे वाद्यवृंद, आणि वाद्यवृंद म्हणजे ट्रक. 2017 मध्ये त्यांनी 'स्वेट' हा ऑपेरा फिरवला, कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांविषयीचा. त्यात वाद्यच नाही; सगळा साज गळ्याचा. वाद्य न्यायचं नाही हे आधी ठरलं की संगीत आधी, ते मला सांगता येणार नाही, पण गळा ही एकच वस्तू अशी की तिला ट्रॉली लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या 'जिंजर निन्जाज्' या वाद्यमेळानं नेमकं उलट केलं. 2007 च्या अखेरीस ते उत्तर कॅलिफोर्नियातून दक्षिण मेक्सिकोच्या दिशेनं सायकलींनी निघाले ते स्पीकरसकट. मुक्कामी सायकली स्टँडवर चढवायच्या, मागचं चाक जनित्राला लावायचं, आणि श्रोत्यांनी पायडल मारायचं. पाय थांबले की गाणं थांबलं. गायकाला याहून प्रामाणिक दाद कुठली मिळणार?

आपल्याकडे सायकल आणि खेळ यांची सांगड म्हणजे चौकातला तो सायकलवाला. सात-सात दिवस खाली न उतरता गोल गोल फिरायचा, सायकलवरच जेवायचा, अंघोळ करायचा, रात्री रेकॉर्ड लागायच्या, छातीवर ट्यूबलाइट फुटायच्या. त्याची सायकल कुठेच जात नव्हती, तरी सगळं गाव तिच्याभोवती जमायचं. नाटक कंपन्यांनी मात्र ओझ्याची भीड कधी बाळगली नाही. 1880 मध्ये 'शाकुंतल' घेऊन आलेल्या किर्लोस्कर मंडळीपासून बिऱ्हाड बैलगाडी आणि आगगाडीनं हलायचं: पडदे, ट्रंका, स्वयंपाकी, भांडीकुंडी. शेक्सपिअरही याच सामानातून फिरला. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव'. गंधर्व नाटक मंडळी निघाली 1913 मध्ये, हॅण्डलबार्ड्सच्या बरोबर शंभर वर्षं आधी. तिचे गालिचे, शालू आणि अत्तरं यांच्या कथा अजून सांगतात, आणि कर्जाच्याही.

सायकलवाल्यांच्या पर्यावरणप्रेमाबद्दल बरंच लिहून येतं. ते खरं आहे. पण त्यांनी वाचवलेलं पेट्रोल त्यांचेच प्रेक्षक मोटारीनं येऊन एका संध्याकाळी जाळू शकतात, हाही हिशेबच आहे. मला तो मुद्दा तितकासा पटत नाही म्हणून नव्हे, तर दुसरा जास्त आवडतो म्हणून मागे ठेवतो: किलोमागे विचारलेला प्रश्न. ही तलवार का? हा झगा का? हा प्रवेश का? हॅम्लेट पूर्ण केलं तर चार तास चालतं; ते दोन-सव्वादोन तासांत आणायचं तर प्रवेशही ट्रॉलीतल्या सामानासारखेच एकेक उचलून बघावे लागतात. बहुतेक कंपन्यांना हे प्रश्न पैसे संपल्यावर पडतात.

प्रयोग संपतो, उजेड अजून थोडा उरलेला असतो. तोवर आवरायचं. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, नाहीतर उद्या राजाला कुबट वास येईल. मुकुट घोंगडीत. पंप त्याच्या खोबणीत, तलवार म्हणून वाकला असेल तर तपासून. खुर्ची घरमालकाला परत. घंटी तेवढी बांधाबांधीत जात नाही. ती हॅण्डलवरच राहते. उद्या सकाळी अरुंद रस्त्यावर कुत्रं फिरवणारं कुणी पुढे असेल, तेव्हा ती पुन्हा लागणार आहे.