दंडामागील स्नायू : ओळख आणि बळकटी

दंडातील ताकद दाखवायची असली की आपण कोपर वाकवून बेटकुळी काढतो. ही बेटकुळी दंडाच्या पुढील बाजूच्या स्नायूची असते. मागील बाजूच्या स्नायूकडे, ज्याला शरीरशास्त्रात त्रिशिरस्क स्नायू आणि व्यायामशाळेत ट्रायसेप्स म्हणतात, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तो पुढच्या स्नायूपेक्षा मोठा आहे. जमिनीवरून उठताना हाताने रेटा देणे, पलंगावर उठून बसणे, वॉकरवर शरीर तोलणे, या साऱ्या कामांत कोपर सरळ करणारी त्याची शक्ती लागते. उठण्याचे मुख्य काम मांड्यांचे असते हे खरे. परंतु वयोमानाने किंवा आजारपणाने मांड्या थकल्या की तो भार हातांवर येतो. त्या वेळी दंडही दुर्बळ असतील, तर शौचालयात जाण्यासाठीसुद्धा दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

नावाप्रमाणे या स्नायूला तीन शीर्षे आहेत. एक खांद्यामागील चपट्या हाडापासून निघते आणि दोन दंडाच्या हाडापासून. तिन्ही एकत्र येऊन एका बळकट कंडरेने कोपराच्या टोकाला जोडली जातात. कोणताही स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आपण भिंत ढकलतो तेव्हाही हा स्नायू आकसून कोपराचे टोक ओढत असतो आणि त्यामुळे हात सरळ होतो. टेबलावर तळहात दाबून दुसऱ्या हाताने दंडाची मागील बाजू चाचपावी. तो घट्ट झालेला जाणवेल.

घरी सुरुवात करण्यास भिंत पुरेशी आहे. भिंतीपासून हातभर अंतरावर, न घसरणाऱ्या जमिनीवर उभे राहावे. तळहात छातीच्या उंचीवर टेकवावेत. कोपरे बाजूंना न फाकवता अंगालगत ठेवून छाती भिंतीकडे न्यावी आणि श्वास सोडत शरीर मागे ढकलावे. श्वास रोखून जोर लावू नये. त्याने रक्तदाब एकाएकी वाढतो. असे 8 ते 12 वेळा करून थोडी विश्रांती घ्यावी व पुन्हा एक फेरी करावी. आठवड्यातून 2 ते 3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढे पुरते. हे सहज जमू लागले की पाय थोडे मागे घ्यावेत.

हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून तिच्या हातांवर जोर देत बैठक किंचित उचलणे हाही उत्तम सराव आहे. त्यासाठी हलकी प्लास्टिकची किंवा चाकांची खुर्ची वापरू नये. पाठीमागे बाकावर हात टेकवून खाली जाण्याचा व्यायाम तरुणांत लोकप्रिय असला, तरी खांदेदुखी असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी तो टाळलेलाच बरा.

दंडामागे लोंबणारे मांस या व्यायामाने जाईल का, असे अनेक महिला विचारतात. तेथे साठलेली चरबी असते; एखाद्या जागेचा व्यायाम केल्याने नेमकी तेथलीच चरबी वितळत नाही. स्नायू मात्र बळकट होतो.

त्याच्या वाढीसाठी प्रथिने हवीत. निरोगी प्रौढाला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीस साधारण 50 ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी, दूध-दही, शेंगदाणे, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. त्यासाठी महागडी पावडर घेण्याची आवश्यकता नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केलेला असल्यास व्यायामाबाबतही आधी त्यांचा सल्ला घ्यावा.

कुबडी वापरणाऱ्यांनी शरीराचा भार तळहातांवर घ्यावा, काखेवर नव्हे. काखेत कुबडी सतत रुतल्यास या स्नायूकडे जाणारी नस दबून कोपर सरळ करण्याची शक्ती कमी होऊ शकते. कुबडी आणि काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहील एवढी उंची ठेवावी.

नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवस दंड दुखणे स्वाभाविक आहे. मात्र कोपरामागे अचानक कळ येऊन हात सरळ होईनासा झाल्यास किंवा लघवीचा रंग गडद तपकिरी दिसल्यास त्वरित रुग्णालयात जावे. एका हातातील शक्ती एकाएकी गेली, चेहरा एका बाजूस वाकडा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी मालिश करीत न बसता तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.