न पाठवलेले प्राचल

परीक्षेचा अर्ज तपासताना आपल्याला दोन प्रकारचे विद्यार्थी भेटतात. एकाने रकान्यात आडवी रेघ मारलेली असते. दुसऱ्याने अर्जाचे शेवटचे पानच जोडलेले नसते. माणसाला दोन्हींचा अर्थ कळतो. संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो.

व्यापारी हिशेबासाठी आयबीएम कंपनीने 1959 मध्ये आरपीजी ही भाषा आणली. तिचे आरपीजी-४ हे रूप 1994 चे, आणि ते आजही वापरात आहे. या भाषेत व्याज काढणारी एक प्रोसीजर लिहिली आहे असे समजू. तिला तीन प्राचले म्हणजे पॅरामीटर द्यायचे: मुद्दल, मुदत आणि दर. दर दिला नाही तर 6 टक्के धरावा, असे ठरले आहे. मग दराच्या व्याख्येत 'नोपास' असे लिहितात. अर्थ असा, की हे प्राचल पाठवले नाही तरी चालेल. मात्र एकदा नोपास आले की त्याच्या पुढची सर्व प्राचलेही नोपासच हवीत; पाने शेवटूनच गाळता येतात, मधून नाही.

आता खरी गोम पाहा. दर पाठवला नाही म्हणून त्याच्या जागी शून्य येत नाही. बहुतेक प्राचलांच्या बाबतीत प्रोसीजरला मिळतो तो स्मृतीतील पत्ता. तो दिलाच नाही, तर त्या जागी आधीच्या कामाचे काहीही उरलेले असू शकते. मागच्या तासाचा फळा न पुसता पुढचा तास सुरू करावा, तसे. कधी प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, आणि ते बरे. पण तेथे आधीच्या खातेदाराचा 12 टक्के दर सापडला, तर 10,000 रुपयांचे दोन वर्षांचे साधे व्याज 1,200 ऐवजी 2,400 निघेल आणि कोणाला कळणारही नाही. चाचणीत बरोबर चाललेला प्रोग्राम महिन्याने चुकतो तो असा.

म्हणून प्राचलाला हात लावण्यापूर्वी किती प्राचले आली हे 'पार्म्स' या अंगभूत फलनाला विचारावे. उत्तर 3 किंवा अधिक असेल तरच दर वाचावा. पण दर गाळून चौथे प्राचल द्यायचे असेल तर? तेव्हा दराच्या जागी 'ओमिट' लिहितात. हीच ती आडवी रेघ. यात पत्ता रिकामा, म्हणजे 'नल' येतो. अशा दराला नोपास आणि ओमिट दोन्ही लावावे लागतात, आणि तपासणीही क्रमाने: आधी संख्या, मग पत्ता. उलट केल्यास न आलेल्या पत्त्याचीच परीक्षा होते!

3 हा आकडा थेट लिहिणेही धोक्याचे. मोठी किंमत परत करणाऱ्या प्रोसीजरला 'आरटीएनपार्म' लावले, तर एक छुपे प्राचल पहिल्या जागी येते आणि पार्म्स तेही मोजते. त्यामुळे आकड्याऐवजी 'पार्मनम' या फलनाला प्राचलाचे नाव द्यावे. क्रमांक ते सांगते.

ही तपासणी जागोजागी करू नये. सुरुवातीलाच एकदा करून आलेली किंवा ठरलेली किंमत स्थानिक चलात ठेवावी, आणि पुढे तेवढेच चल वापरावे. दरासारख्या लहान संख्येला हे उत्तम. पण प्राचल 30,000 बाइटांची सारणी असेल आणि प्रोसीजर एक लाख वेळा बोलावली जात असेल, तर नुसत्या नकलेत 300 कोटी बाइट हलतील. अशा वेळी नक्कल न करता पॉइंटर वापरावा: सारणी आली तर तिचा पत्ता, नाही तर ठरलेल्या सारणीचा. या यंत्रावर पॉइंटर 16 बाइटांचा असतो. एक भेद लक्षात ठेवावा. नकलेत केलेला बदल बोलावणाऱ्यापर्यंत पोचत नाही, पॉइंटरमार्फत केलेला पोचतो.

एवढा खटाटोप कशाला, असे विद्यार्थी विचारतील. कारण नवे प्राचल शेवटी नोपास म्हणून जोडले, तर ती प्रोसीजर वापरणारे जुने शेकडो प्रोग्राम पुन्हा संकलित न करता तसेच चालतात.