आई जिवंत असताना परक्या घरी

अमेरिकेत ज्या मुलांना सरकार आईबापांपासून काढून दुसऱ्यांकडे सांभाळायला देते, त्या व्यवस्थेला ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. आपल्याकडे असे मूल म्हटले की यतीम डोळ्यांपुढे येतो. पण यातली बहुतेक मुले यतीम नाहीत. त्यांच्या आया जिवंत आहेत आणि मूल परत मिळावे म्हणून कोर्टाच्या तारखा मोजत आहेत.

या आयांमध्ये काळ्या आणि गरीब आया फार आहेत. देशातल्या मुलांत कृष्णवर्णीय मुले सुमारे १४ टक्के, पण फॉस्टर केअरमध्ये ती सुमारे २२ टक्के. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज तर थक्क करणारा आहे. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ३७ टक्के मुलांच्या बाबतीत बालकल्याण खात्याची चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांत हेच प्रमाण ५३ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त.

काळ्या आया मुलांना जास्त मारतात काय? बहुतेक तक्रारी मारहाणीच्या नसतातच, त्या ‘हेळसांडी’च्या असतात. घरात खायला कमी आहे, वीज तोडली आहे, आई कामावर गेली म्हणून मूल एकटे आहे. आम्ही याला गरिबी म्हणू. डोरोथी रॉबर्ट्स या कायद्याच्या प्राध्यापिका हेच पंचवीसेक वर्षे सांगत आल्या आहेत. गंमत अशी की मूल ज्या परक्या घरी ठेवतात त्या घराला सरकार दरमहा पैसे देते. तेच पैसे आईच्या घरभाड्याला मिळाले असते तर?

आता गरिबीशिवायचे कारण पाहा. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी फ्लोरिडातल्या एका भागात गरोदर बायकांची तपासणी झाली. अमली पदार्थांच्या खुणा गोऱ्या आणि काळ्या बायकांत जवळजवळ सारख्याच सापडल्या. गोऱ्यांत तर किंचित जास्त. पण सरकारकडे नाव कळवले गेले ते काळ्या बायकांचे, गोऱ्यांच्या सुमारे दहापट. चाचणी तीच, निकाल तोच. फरक पाहणाऱ्याच्या नजरेत होता. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांना संशय आला तर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि संशय कोणावर येतो हे कायदा कसे ठरवणार?

घरात जिवाला धोका असेल तर मुलाला बाहेर काढलेच पाहिजे, यात दुमत नाही. आमचा आक्षेप त्यापुढच्या घाईला आहे. १९९७ च्या कायद्याप्रमाणे मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिले, की काही अपवाद सोडता, आईबापाचा हक्कच संपवण्याचा अर्ज राज्याने करायचा. आई तुरुंगात असली किंवा घर मिळत नसले, तरी महिने मोजले जातातच.

मूळ अमेरिकी आदिवासींनी हे फार आधी भोगले. १९७० च्या दशकात त्यांची २५ ते ३५ टक्के मुले घरापासून तोडलेली होती आणि त्यातली बहुतेक समाजाबाहेर दिलेली. त्यातून १९७८ चा कायदा झाला : आधी नातेवाईक, मग आपली जमात, मग बाकीचे. त्याला आव्हान दिले गेले, पण २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो कायम ठेवला. त्याच धर्तीवर मिनेसोटा राज्याने २०२४ साली कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी कायदा केला. मूल काढण्याआधी कुटुंब टिकवण्याचे खरे प्रयत्न खात्याने करायचे.

आमच्या मते सर्वांत उपयोगाची सुधारणा मात्र साधी आहे. नातवंडाला सांभाळायला नानी तयार असे, पण परवान्याच्या अटींत बसत नसे. खोल्या किती, जागा किती, असली मोजमापे आड येत. २०२३ साली केंद्र सरकारने राज्यांना नातेवाइकांसाठी वेगळ्या, सोप्या अटी ठेवायची मुभा दिली. आता नानीच्या दोन खोल्यांतही मूल राहू शकते, आणि परक्या घराला मिळतात तितकेच पैसे तिलाही मिळायला हवेत, असे तो नियम म्हणतो.