कापडावरचं साल

सकाळी ७
१३ एप्रिल. उद्या बाबासाहेबांची १३५ वी जयंती. दुकान उघडायच्या आधीच दोन मंडळांची पोरं पायरीवर बसलेली. वाद नेहमीचा, कुणाचा फोटो केवढा. बाबासाहेब मधोमध, यावर एकमत आहे. बाकीच्या चेहऱ्यांचा क्रम ठरत नाही. "काका, अध्यक्षाचा जरा मोठा करा ना." करतो म्हटलं, पण मग खजिनदार कापला जाईल. पोरं पुन्हा बाहेर जाऊन बसली.

सकाळी ८:३०
मशीन सुरू. दहा फुटी रोल चढवला, चाचणीची पट्टी काढली. निळा तुटक आला. एरवी चाललं असतं, पण आजच्या दिवशी आदिलाबादेत निळा तुटला तर शटर ओढून घरी जावं. हेड दोनदा साफ केलं, तेव्हा सरळ रेघ उमटली.

सकाळी १०
लाइट गेली. इन्व्हर्टरवर स्कॅनर तेवढा चालतो, म्हणून मागच्या खोलीत. मिरवणूक, संप, दुकानाचं उद्घाटन, कसलाही जुना फोटो असो, त्यात बॅनर दिसत असेल तर घेऊन या, असं गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय. स्कॅनचे पैसे नाहीत, फोटो त्याच दिवशी परत. चेहरे ओळखणारी माणसं आता फारशी उरली नाहीत, पण बॅनर वाचता येतो.

आजचा फोटो प्रभातफेरीचा आहे. पुढे दोन मुलांनी काठ्यांना बांधलेलं कापड धरलंय. वरची ओळ मराठी, खालची उर्दू, कोपऱ्यात 'किनवट, जि. आदिलाबाद'. किनवट आणि राजुरा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. म्हणजे कापड त्याआधी रंगवलेलं. मागे तिरंगा आहे आणि त्याच्याच शेजारी शिपाई निवांत उभा आहे. निजामाच्या राज्यात तिरंगा काढला की लाठी किंवा तुरुंग ठरलेला. तेव्हा फोटो संस्थान भारतात सामील झालं त्या १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा. लिफाफ्यावर लिहिलं: १९४८ ते १९५६. मागे कंसात: कापड जुनं, फेरी नंतरची असू शकते.

दुपारी १२
लाइट आली. मशीनवर पोरगा बसलाय. माझ्यासमोर कामगारांच्या मोर्च्याचा फोटो, आणि बॅनरवरची अक्षरं उलटी. पहिला संशय निगेटिव्हवर, छापताना पालथी पडली असणार. स्कॅन आडवा फिरवला, अक्षरं सुलटी झाली. पण आता सगळ्यांच्या सदऱ्याचे खिसे उजवीकडे गेले. दहा-बारा माणसांचे खिसे एकाच बाजूला चुकत नाहीत. फोटो पुन्हा होता तसा केला. छपाई बरोबर होती. फोटोवाला बॅनरच्या मागे उभा होता, ऊन समोरून होतं आणि पातळ मांजरपाटातून अक्षरं पलीकडून दिसत होती. म्हणजे तो रस्त्याच्या कडेला थांबलेला बघ्या नव्हता, मोर्च्यात चालत होता. सुलट करून ठेवला असता तर एवढी एक गोष्ट कायमची पुसली गेली असती.

दुपारी २
पेंटर चाचा चहाला आले. फ्लेक्स येण्याआधी गावातले निम्मे बॅनर त्यांच्या हातचे. फोटो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी कापडातले अर्धगोल काप दाखवले. वारा निघून जावा म्हणून ते कापायचे, नाहीतर काठ्या धरणारे मागे फेकले जायचे. खडूत भिजवलेली दोरी ताणून ओळ मारायची. एकदाच लागणारा बॅनर डिंकातल्या रंगानं, म्हणजे धुऊन कापड पुन्हा वापरता येतं. दरसाल लागणारा तेलरंगानं, त्यात आकड्याची जागा कोरी. आकडा वेगळ्या तुकड्यावर रंगवून टाचायचा. त्यांच्याकडच्या एका फोटोत '७५ वी जयंती' असा तुकडा स्पष्ट दिसतो. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, म्हणजे फोटो १९६६ चा.

चाचांना म्हटलं, इंग्लंडात कामगार संघटनांचे बॅनर रेशमाचे. लंडनच्या जॉर्ज टटिल यांच्या कारखान्यात बरेचसे रंगवले जायचे. त्यातले कितीतरी आज मँचेस्टरच्या संग्रहालयात जपून ठेवलेत. "आमच्याचे उशीचे अभ्रे झाले," चाचा म्हणाले.

दुपारी ४
कापसाचे व्यापारी आले, दुकानाच्या वाढदिवसाचा बॅनर हवा. सोबत मार्केट यार्डातल्या खरेदीच्या शुभारंभाचा फोटो. बॅनरवर पाहुण्यांची नावं भरपूर, साल नाही. व्यापाराच्या बॅनरांचं हे असंच. मग आजूबाजूला बघायचं. बैलगाड्यांच्या मागे एका जीपची पाटी: एपी ०१. म्हणजे १९८९ च्या नव्या मोटार कायद्यानंतरचा. तेलंगण झाल्यावर आपल्या नव्या गाड्यांना टीएस ०१ मिळालं, २०२४ पासून टीजी ०१.

कॉलेजातली एक मुलगी गोंडांच्या जुन्या फोटोंची चौकशी करून गेली. तिला मानववंशशास्त्रज्ञ हैमेंडॉर्फ यांचं नाव लिहून दिलं. १९४० च्या दशकात त्यांनी इथल्या गोंड गावांत काढलेले फोटो लंडनच्या सोआस विद्यापीठात आहेत. बाजारपेठेतल्या मिरवणुकांसाठी मात्र मला लोकांच्या पत्र्याच्या पेट्याच धुंडाळाव्या लागतात.

संध्याकाळी ७
डिलिव्हरीची गर्दी. कडा दुमडून चिकटवणं, आयलेट ठोकणं, गुंडाळी, हिशेब. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी "स्वस्तातला नाही का?" हा प्रश्न काही बंद झालेला नाही.

रात्री ९
आजच्या फाइली हार्ड डिस्कवर टाकल्या. 'जयंती फायनल', 'जयंती फायनल नवीन'. कापड गेलं पण फोटो राहिला, आता उलटं झालंय. दर फ्लेक्सची फाइल माझ्याकडे आहे, पण तो कुठं लागला, कुणी धरला, मागे कोणतं दुकान होतं, ते फाइलीत नाही. म्हणून बिलावर शिक्काच मारतो: लावलेल्या बॅनरचा, माणसं आणि रस्त्यासकट, फोटो आणून द्या, पुढच्या ऑर्डरला दहा टक्के सूट.

शेवटचं गिऱ्हाईक शिक्का वाचून म्हणालं, "वीस करा, दोन फोटो देतो." पंधरावर तोडलं. अट एकच, एक पुढून आणि एक मागून.