बुरशीचे कोठार आणि त्याची किल्ली

पावसाळ्यात बुलढाण्याहून खामगावास बोथ्याच्या रानातून जाताना जुन्या खोडांवर लाकडासारखी कठीण भूछत्रे दिसतात. त्यांच्याच भाऊबंदांपैकी ‘गॅनोडर्मा’ हे चीन-जपानात शतकानुशतके औषध म्हणून गाजले. २०१२ मध्ये त्याच्या सुमारे १६,१०० जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला.

मग प्रत्येक छत्रात औषधी द्रव्य सारखेच असते काय? नव्हे. जनुक म्हणजे कृती लिहिलेला कागद. ती कृती केव्हा करावयाची, हे परिस्थितीवर ठरते.

याचा उत्तम दाखला पेनिसिलिनचा. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली आणि १९५५ पासून तेथे बुरशीपासून पेनिसिलिन होऊ लागले. ही बुरशी मोठी चमत्कारिक. ग्लुकोज मुबलक मिळाले की ती नुसती वाढते, औषधाची जनुके मंदावतात. सावकाश पचणारी दुधातली साखर दिली की ती कामास लागतात. फार पाण्याने पऱ्हाटी पाल्यावर जाते, बोंडे धरत नाही, हे आपल्या कास्तकारास सांगावयास नकोच! शिवाय भरघोस पेनिसिलिन देणाऱ्या निवडक वाणांत या जनुकांच्या अनेक प्रती आढळल्या.

गॅनोडर्मातील कडू आम्लांचेही तसेच. वाण, वय आणि पोषण बदलले की प्रमाण बदलते. म्हणून भुकटीच्या डबीवरील नुसत्या नावाला भुलू नये. पेनिसिलिनचा गुण रोग्यांवर पारखून सिद्ध झाला. या भुकटीचा तसा व्हावयाचा आहे. तोवर घरच्या दुखणेकऱ्याचे चालू औषध तिच्यापायी बंद करू नये, एवढेच आमचे मागणे.